फ्रॉक, टिपेट, टोपी: मेरी वेडचं प्रकरण

१४ जानेवारी १७८९. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात दोन पोरी आरोपी म्हणून उभ्या आहेत. एक जेन व्हायटिंग, वय चौदा. दुसरी मेरी वेड. हिचं वय तुम्ही कोणता कागद खरा मानता त्यावर ठरेल. चोरीस गेलेला माल असा: एक सुती फ्रॉक, किंमत तीन शिलिंग. एक लिननचं टिपेट, म्हणजे गळ्याखांद्यांवर घ्यायचं छोटं वस्त्र, दोन शिलिंग. एक लिननची टोपी, दोन पेन्स. सगळं मिळून पाच शिलिंग दोन पेन्स. निकाल: दोघी दोषी, शिक्षा फाशी.

घराण्याचा इतिहास खणताना ज्यांना असा पूर्वज सापडतो, त्यांतले बरेच जण या बेरजेपाशी येऊन थबकतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण बेरीज फार सोयीची आहे. एवढ्याशा कपड्यांसाठी पोरीला फाशी! सगळा राग इंग्लंडच्या कायद्यावर निघतो आणि खापरपणजी आपोआप निर्दोष सुटते. मेरी वेडचं प्रकरण मी मुद्दाम निवडलं आहे. तिचे कागद बऱ्यापैकी शाबूत आहेत, वंशज उदंड आहेत, त्यांत ऑस्ट्रेलियाचा एक पंतप्रधानही आहे. आणि तिची गोष्ट सांगताना नेमकं काय गळून पडतं, ते इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

पण आधी माग कसा लागतो ते पाहू. वंशावळीचं काम नेहमी खालून वर चालतं: आपल्यापासून आईबापांकडे, तिथून आजीआजोबांकडे. मेरीच्या वंशजालाही याच वाटेने जावं लागतं, आणि तिच्या बाबतीत नशीब असं की ती योग्य वेळी मेली. तिला पुढे कैदी म्हणून जिथे पाठवलं गेलं, त्या ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत जन्ममृत्यूची सरकारी नोंद मार्च १८५६ पासून सुरू झाली. मेरी वारली १७ डिसेंबर १८५९ ला, सिडनीच्या दक्षिणेला वोलॉन्गॉन्गजवळच्या फेअरी मेडो इथे. चार वर्षं आधी गेली असती तर चर्चच्या वहीतल्या दफनाच्या दोन ओळींवर भागवावं लागलं असतं. तिथल्या सरकारी मृत्युनोंदीत मात्र रकाने भरपूर: आईबाप कोण, लग्न कुठे आणि कोणाशी, मुलं किती, जन्म कुठला. आणि एक रकाना असा की ज्याने अनेक घरांची झाकलेली मूठ उघडली आहे: मृत व्यक्ती या वसाहतीत किती वर्षं राहिली?

वरवर निरुपद्रवी प्रश्न. पण १८५९ च्या मृत्यूपुढे या रकान्यात सत्तरच्या आसपास आकडा दिसला की वजाबाकी करून पाहावी. उत्तर १७९० च्या आगेमागे येतं. तेव्हा ही वसाहत दोन वर्षांची होती. तिथे बाहेरून येणारे तीनच प्रकारचे लोक: शिपाईसोजीर, अंमलदार आणि कैदी. बाई अंमलदार नसणार. शिपायाची बायको असू शकते, पण बायका थोड्याच आल्या होत्या आणि त्यांचा हिशेब लागतो. अमुक आजी ‘सुरुवातीच्या काळात आलेली’ होती असं घरात अभिमानाने सांगितलं जात असेल, तर ती सुरुवात किती आधीची हे विचारताच आवाज का खाली जातो, ते इथे कळतं.

पुढची पायरी १८२८ ची जनगणना. त्या वसाहतीतली ही पहिली व्यवस्थित शिरगणती. प्रत्येक नावापुढे वय, जहाज, आलेलं साल आणि एक दोन अक्षरी खूण. ‘सीएफ’ म्हणजे स्वतःहून आलेला, ‘बीसी’ म्हणजे इथेच जन्मलेला, ‘एफएस’ म्हणजे शिक्षा भोगून मोकळा झालेला, ‘सीपी’ म्हणजे अटींवर माफी मिळालेला. सगळी समाजरचना त्या दोन अक्षरांत. ‘सीएफ’वाल्यांनी ‘एफएस’वाल्यांच्या घरी सोयरीक करायची की नाही, यावर त्या काळी रुसवेफुगवे झाले नसतील तरच नवल.

मेरी वेडसारखं नाव असलं की भीती दुसरीच. त्या काळच्या इंग्लंडात मेरी नावाच्या बायका पैशाला पासरी. नाव जुळलं म्हणून बाई जुळली असं धरून चालणारे लोक दुसऱ्याच कुणाचा गुन्हा स्वतःच्या घरात आणून ठेवतात. म्हणून माणूस नावावरून ओळखू नये, जहाजावरून ओळखावा. कैद्याच्या बाबतीत जहाजाचं नाव मरेपर्यंत आडनावासारखं चिकटलेलं असायचं: हजेरीत, जनगणनेत, माफीच्या कागदात, लग्नाच्या परवानगीत. मेरीच्या मागे लागलेलं नाव ‘लेडी ज्युलियाना’. हद्दपार केलेल्यांच्या याद्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जहाज, खटल्याचं ठिकाण आणि तारीख एका ओळीत आली की उरतो फक्त ओल्ड बेलीच्या खटल्यांचा छापील वृत्तांत. १६७४ पासून १९१३ पर्यंतचे हे वृत्तांत २००३ पासून टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर आले, आणि जवळपास दोन लाख खटले घरबसल्या शोधता येऊ लागले. पूर्वी यासाठी मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे डोळे फोडावे लागत. आता नाव टाकलं की पणजी समोर.

आता समोर नेमकं काय येतं ते पाहू.

५ ऑक्टोबर १७८८ चा दिवस. लंडनमध्ये ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी खजिन्याच्या कचेरीच्या परिसरात मेरी फिलिप्स नावाची आठ वर्षांची मुलगी हातात बाटली घेऊन पाण्यासाठी आली होती. वेड आणि व्हायटिंग या दोघींनी तिला तिथल्या संडासात गाठलं आणि तिच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. फ्रॉक गेला गहाणवाल्याकडे. टिपेट पुढे वेडच्या खोलीत सापडलं आणि तेच तिला भोवलं. वेड रस्ते झाडून भीक मागणाऱ्या पोरांपैकी होती. गरिबी होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण साक्षींमध्ये तिच्या तोंडचं म्हणून एक बोलणं नोंदलं गेलं आहे. त्याचा मतलब असा, की त्या पोरीला तिथेच संडासात खाली टाकून द्यायचं माझ्या मनात होतं, टाकलं असतं तर बरं झालं असतं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान मिटून ठेवलं होतं. रागावलेल्या, पकडल्या गेलेल्या पोराचं बोलणं, त्याला किती किंमत द्यायची हा प्रश्न आहेच. त्यातून ते दुसऱ्याने ऐकून कोर्टात सांगितलेलं. पण ते कागदावर आहे. वेडची गोष्ट जिथे जिथे गोड करून सांगितली जाते, तिथून सगळ्यात आधी हेच गळतं. त्यापाठोपाठ मेरी फिलिप्स गळते. मग ‘एका लहान मुलीने फ्रॉक चोरला’ एवढंच उरतं. फ्रॉक जणू दोरीवर वाळत होता.

आणि इथेच ती सोयीची बेरीजही कोसळते. अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती, हे खरं. साध्या चोरीत ज्यूरी मुद्दाम मालाची किंमत कमी लावून आरोपीचा गळा वाचवत असे, हेही खरं. पण या दोघींवरचा आरोप साध्या चोरीचा नव्हताच. माणसाला धाक घालून त्याच्या अंगावरून माल काढून घेणं म्हणजे जबरी चोरी, आणि जबरी चोरीत मालाची किंमत मोजलीच जात नसे. तिथे पाच शिलिंग काय आणि एक पेनी काय. म्हणजे ‘पाच शिलिंगांच्या कपड्यांसाठी फाशी’ हे वाक्य आकड्यांनी बरोबर आणि अर्थाने चूक आहे. कायद्याच्या लेखी शिक्षा एका आठ वर्षांच्या मुलीला घातलेल्या भीतीची होती. ती शिक्षा अमानुष होती का? होती, आरोपी मुलीच्या दृष्टीने पाहिलं तर निश्चितच. पण भीती खोटी नव्हती.

पूर्वजाचा खटला वाचायला बसणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की फिर्यादीच्या बाजूने एकदा वाचा. आपण जन्मजात आरोपीच्या बाकावर बसलेलो असतो, कारण रक्त तिकडचं. समोरच्या बाजूला कुणाची पणजी उभी आहे हे पाहायला उठून जावं लागतं.

फाशी झाली नाही, हे उघडच आहे. नाहीतर वंशज कुठून आले असते. ती का टळली याचं कारण मात्र गोष्टीत शोभावं असं आहे. राजा तिसरा जॉर्ज मागच्या वर्षापासून वेडाच्या झटक्यात होता. ११ मार्च १७८९ ला तो बरा झाल्याचं जाहीर झालं आणि त्या आनंदात फाशीची वाट पाहणाऱ्या बायकांची शिक्षा हद्दपारीवर आणली गेली. त्यात मेरी वेड सुटली. (काही बायकांनी ही दया सुरुवातीला चक्क नाकारली. अज्ञात टोकाला जन्मभर जाण्यापेक्षा इथेच मरू, असा हिशेब असावा.) दयेलाही तिच्या मर्यादा होत्या. पुढच्याच आठवड्यात, १८ मार्चला, कॅथरिन मर्फी नावाच्या बाईला खोटी नाणी पाडल्याबद्दल न्यूगेट तुरुंगाबाहेर आधी गळफास देऊन मग खांबाशी जाळलं. अशी शिक्षा प्रत्यक्ष अमलात आली ती इंग्लंडातली शेवटची बाई.

‘लेडी ज्युलियाना’वर फक्त बायका होत्या, दोनशेच्या वर, काहींबरोबर त्यांची लेकरं. जवळपास वर्षभराच्या प्रवासानंतर ३ जून १७९० ला जहाज सिडनीला लागलं. वसाहतीकडे पाठवलेल्या कैद्यांच्या त्याच दुसऱ्या ताफ्यातल्या बाकीच्या कैदी-जहाजांवर सुमारे चौथा हिस्सा माणसं वाटेत मेली. त्या मानाने या बायका धडधाकट पोचल्या. किनाऱ्यावरच्या उपाशी वसाहतीला मात्र त्यांचं कौतुक नव्हतं. धान्याची वाट पाहत बसलेल्या अंमलदारांपुढे खाणारी तोंडं उतरली. मेरीला पुढे नॉरफोक बेटावर पाठवलं गेलं.

यानंतरचं आयुष्य वंशजांना तोंडपाठ असतं, म्हणून मी भराभर सांगतो. टीग हॅरिगन नावाच्या माणसाबरोबर संसार, मुलं. तो १८०६ मध्ये देवमाशांच्या शिकारीवर गेला तो परतलाच नाही. मग जोनाथन ब्रूकर, तोही कैदी म्हणून आलेला. १८१७ मध्ये लग्न. १८२३ च्या वणव्यात सगळं जळून गेलं, पुन्हा उभं केलं, १८२८ पर्यंत इलावारा भागात ६२ एकर जमीन. १८३३ मध्ये ब्रूकर गेला. ती त्यानंतर सव्वीस वर्षं जगली आणि मेली तेव्हा तिची मुलं, नातवंडं, पतवंडं आणि त्यापुढची मिळून तीनशेहून अधिक माणसं होती.

त्या ६२ एकरांवर मी थोडा अडखळतो. जमीन रिकामी नव्हती; तिथे धारावल लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. फ्रॉकचा खटला झाला, किंमत पेन्सपर्यंत लावली गेली, साक्षी झाल्या. जमिनीबद्दल कुणाला कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. वंशावळीच्या नोंदीत ‘गुन्हा’ हा रकाना भरताना आपण नकळत त्या वेळच्या सरकारचीच व्याख्या वापरत असतो, हे तिथे जाणवतं.

मग एवढ्या मोठ्या गोतावळ्याला ही गोष्ट पुन्हा शोधून काढावी का लागली? कारण मधल्या काळात ती बुडवली गेली. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १ लाख ६२ हजार कैदी ऑस्ट्रेलियात आणले गेले. त्यांच्या नातवंडांच्या पिढीला तो डाग वाटू लागला. व्हॅन डीमेन्स लँड या कैदखान्याच्या बेटाने तर १८५६ मध्ये नावच बदलून टास्मानिया करून घेतलं. व्यक्तींनी जहाजाचं नाव गाळलं, साल पुढे ढकललं, ‘आजोबा नौदलात होते’ असं सांगितलं. २२ सप्टेंबर १८८२ ला सिडनीतला गार्डन पॅलेस जळाला, त्यात १८८१ च्या जनगणनेची कागदपत्रं आणि इतरही दप्तर खाक झालं. आग कुणी आणि का लावली याबद्दल अफवा उठल्या, त्यांतली एक अशी की प्रतिष्ठित घराण्यांना आपले कैदी पूर्वज जाळायचे होते. आग कशी लागली हे कधीच सिद्ध झालं नाही. पण लोकांना ही अफवा पटण्यासारखी वाटली, यातच सगळं आलं.

त्यानंतर वारं फिरलं. १९८८ मध्ये वसाहतीला दोनशे वर्षं झाली, तोवर कैदी पूर्वज असणं ही मिरवायची गोष्ट झाली होती. २००७ मध्ये कैद्यांचं दप्तर युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेलं. २००८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांना त्यांच्या घराण्याचा इतिहास बांधीव स्वरूपात भेट मिळाला. त्यात मेरी वेड होती आणि १८०१ मध्ये आलेले थॉमस रडही होते. त्यांचा गुन्हा साखरेच्या पोत्याचा. वर्तमानपत्रांना मजा आली. कुणी राजीनामा मागितला नाही.

सात पिढ्या वर गेलं की प्रत्येकाचे १२८ पूर्वज होतात. त्यातला एखादा तुरुंगात गेलेला निघाला तर आश्चर्य ते काय. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात; १२८ जणांच्या रांगेत एकही भानगड नसणारं कूळ मला दाखवा, मी ऋषीला विचारायला जातो. तेव्हा लाज वाटण्याचं कारण नाही, हे मान्य. पण मिरवण्याचं तरी कारण कुठे आहे? लाज आणि मिरवणं या दोन्हींत एक गोष्ट सारखीच असते: कागद आपल्या सोयीने वाचायचा. पूर्वी लोक अख्खी मेरी वेड लपवत होते, आता तिला दयनीय करून दाखवतात.

वयाचंच घ्या. तिला कुठे अकरा वर्षांची म्हटलं आहे, कुठे तेरा. १७७५ चा जन्म धरला तर गुन्ह्याच्या वेळी ती बारा पूर्ण आणि खटल्याच्या वेळी तेरा भरते. पण लोकप्रिय कथेला अकराच आवडतं, कारण पोर जितकं लहान तितका कायदा क्रूर. एका शोधकर्तीने दोन वर्षं वाढवून सांगितली तर बाकीचे वंशज नाराज होतात, असा अनुभव वंशावळीचं काम करणाऱ्या कुणालाही येईल. खरं तर तेरा काय आणि अकरा काय, फाशी सुनावण्याचं वय ते नव्हेच. मग ती दोन वर्षं कमी करून कुणाचा फायदा? समोर उभी असलेली मुलगी तर आठ वर्षांचीच राहते.

घरात हे सांगायचं कसं, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. माझं मत असं, की जे कागदावर आहे ते कागदाच्याच क्रमाने सांगावं आणि विशेषणं ऐकणाऱ्यावर सोडावीत. ‘बिचारी’ हा शब्द आधी नको, ‘गुन्हेगार’ हाही नको. थकलेल्या आजीला पहिल्याच दिवशी संडासातलं ते वाक्य वाचून दाखवू नये, एवढं तारतम्य हवं. पण लिखित वंशावळीत ते वाक्य असायला हवं, कारण ती वाचणारे अजून जन्मायचे आहेत आणि त्यांना सांभाळून घेण्याची गरज नाही. उलट त्यांच्यापासून काही दडवलं, तर पुढच्या कुणाला तरी हाच खटला पुन्हा शोधत बसावं लागेल.

कोणी मला मेरी वेडची नोंद लिहायला सांगितली, तर मी अशी लिहीन:

मेरी वेड. जन्म १७७५ (काही ठिकाणी वय याहून कमी नोंदलेलं). १४ जानेवारी १७८९, ओल्ड बेली, जबरी चोरी, जेन व्हायटिंगसह. फाशी, नंतर हद्दपारी. जहाज लेडी ज्युलियाना, आगमन ३ जून १७९०. मृत्यू १७ डिसेंबर १८५९, फेअरी मेडो. जिच्या अंगावरून कपडे काढले तिचं नाव: मेरी फिलिप्स, वय ८.